दाराचं पान

७ सप्टेंबर, रविवार

घरात उघडतंय, इथून उघडत नाय! मुकुंदवाडीत घरी मोनिकाच्या मोबाईलवर पान झकास दिसतंय – दार उघडलं ९.१४, दार लागलं ९.१४. माझ्या मोबाईलवर नुसतं गोल गोल फिरतंय. चेन्नईपल्याड, ओरगडमच्या या खोलीत, त्या गोलाकडं बघू बघू सुट्टी गेली.

हे इंटरनेटचं पान मीच बनवलंय. आठवी नापास माणसानं! व्हिडिओ बघून. बंद पडलेल्या सायबर कॅफेतला जुना कॉम्प्युटर घरी ठेवलाय, चौकटीला चुंबकाचा स्विच. दार हललं की टायमासकट नोंद. मोनिकाला सांगितलंय – गल्लीत चोऱ्या व्हायल्यात, म्हणून. लग्नाला दीड वर्ष झालं, त्यातले अकरा महिने मी इकडं कंपनीत. बायकोला काय सांगायचं अन् काय नाय, मला कळतं.

कॅमेरा लावला असता तर तिनं तोंड वाकडं केलं असतं. स्विच कुणाच्या नजरेत येत नाय.

आईचे गुडघे गेलेत, ती उंबऱ्याबाहेर पडत नाय. म्हंजे दार उघडलं की मोनिकाच. सोपंय.

९ सप्टेंबर

परत तेच. "अहो, शेजारची खुशनुमा जाती ना चिकलठाण्याच्या कंपनीत पॅकिंगला, मी पण जाऊ का? आत्यांना चालतंय."

म्हणलं, आईला चालत असंल, मला नाय चालत.

"कामून?"

कामून म्हणे! बारावी झाली म्हणून तोंड चालतं. फोन कट केला. चार वेळा आला, उचलला नाय.

१३ सप्टेंबर

व्हिडिओतला माणूस म्हणतो, राऊटरमध्ये पोर्ट उघडा, बाहेरून यायला वाट पायजे. मी इथून कसं उघडू? मोनिकाचे हात वापरले. तासभर व्हिडिओ कॉल – तो डबा उचल, खालचा स्टिकर वाच, तो नंबर टाक. ती इंग्रजी पण भराभरा वाचती. राग येतो. मधीच म्हणली, "हे ८०८० म्हंजे आपल्या दाराचा नंबर का?" म्हणलं गप, सांगतो तेवढंच दाब. मागून आई – "पाणी तर पिऊ दी तिला!"

तरी उघडंना. अक्कल गहाण ठेवलीय का म्हणलं तिला. ती बिचकली. परत पहिल्यापासून केलं, डोळे पुसत पुसत.

१४ सप्टेंबर

तिचं काहीच चुकलं नव्हतं. ओवैसनं सांगितलं. हा आपल्याच शहरातल्या रोशन गेटचा, माझ्या वरच्या कॉटवर झोपतो. आधी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात होता, म्हणून शहाणा. "तेरे घरकू खुदका पत्ताच नै, मियां. नेटवाला पूरी गल्लीकू एकच पत्ता देके बैठा. बाहर से कोई आया तो किसके घर कू जाएगा?"

आपल्या गल्लीतल्या नेटवाल्या राजेंद्रला फोन लावला. हसला. "सुदर्शनभाऊ, घरात बँक उघडली का काय?" वेगळा पत्ता नाय देत म्हणे.

ओवैस विचारतो, "दरवाजा कायकू देखना तेरेकू?" म्हणलं चोऱ्या. "हौ. चोर बाहर हय के अंदर?" अन् खिदळत सुटला. थोबाड फोडावं वाटलं. पण काम होईस्तर नाय.

मोनिकाला सांगितलं नाय की तिचं बरोबर होतं.

२१ सप्टेंबर, रविवार

झालं! झालं!

उलटं करायचं असतं. बाहेरून आत जायचंच नाय. घरातल्या कॉम्प्युटरनंच बाहेर एका मोठ्या मशीनला लाईन जोडायची अन् धरून ठेवायची. मी त्या मशीनकडं गेलो की ते मला त्याच लाईनीनं घरात सोडतं. बोगदाच! ओवैसनं मला लिहून दिलं, मोनिकानं तिकडं एकेक अक्षर टाईप केलं. तीनदा चुकलं, तीनदा मी शिव्या घातल्या. चौथ्यांदा – खानावळीत, हात सांबारात – दार उघडलं ११.०२!

म्हणलं, दार उघड, लाव. मोबाईलवर आलं. परत. परत. वीस वेळा करायला लावलं. ती हसायली होती. "आलं का? अहो, आलं का?"

मी पण हसलो.

२४ सप्टेंबर

१०.०५ ला गेली. १०.५१ ला आली. फोनवर सहज विचारलं, भाजीला कितीक वेळ लागतो गं?

"वीस मिनिटं."

लिहून ठेवलं. लई मजा वाटली.

२८ सप्टेंबर

आज एक तास पाच मिनिटं. हे पण लिहिलं. गाठ पडू दे, मग इचारतो.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळी सातपासून पान मेलेलं. राजेंद्र म्हणतो नेट चालूय. मोनिका उचलंना. आई उचलंना. इथं कंपनीत पण आज मशिनी बंद – केळीचे खांब, कुंकू, कोहळा फोडला. पूजेच्या रांगेत उभा राहून मी पान दाबतोय. एक वाजता. तीन वाजता.

पाच वाजता उचलला. "अहो, खंडेनवमी ना! विळी, कातर, तुमचा कॉम्प्युटर, सगळं पुसून मांडलं. आज यंत्राला कामाला लावू नाय म्हणल्या आत्या. झेंडू वाहिला त्याला."

अन् माझ्या तोंडातून गेलं – बंद करून कुठं गेल्तीस? वीस मिनिटाच्या भाजीला शेहेचाळीस मिनिटं लागतेत तुला, आज आख्ख्या दिवसाचं काय?

ती म्हणली, "चोरासाठी नव्हता व्हय तो."

मग मी थांबलो नाय. तिच्या बापापासून धरलं. तोंडात येईल ते. फोन स्पीकरवर होता, आईच्या बांगड्या वाजल्या मागून. कळलं तरी थांबलो नाय.

२ ऑक्टोबर, दसरा

मेसेज टाकला – आजपासून महिनाभर बोलणार नाय. फोन करायचा नाय. भाऊबीजेला वैजापूरला माहेरी जायचं नाय. कॉम्प्युटर बंद दिसला तर कायमचीच जायचं. तुझं काय चाललंय ते मला दार सांगंल.

दोन निळ्या खुणा आल्या.

६ ऑक्टोबर

सुधारली! दूध ६.१०. भाजी १०.०० ते १०.१५. संध्याकाळी ५.३०, तुळशीला दिवा. बस्स! चार दिवसांत सरळ. आधीच करायला पायजे होतं.

११ ऑक्टोबर

६.१०. १०.००. १०.१५. ५.३०. ओवैसला दाखवलं. बघत बसला. म्हणला, "इतना बराबर तो कंपनी का भोंगा बी नै बजता, भाई." जळतो. याची बायको याला फोनवर झापती.

१६ ऑक्टोबर

आईला फोन केला. मोनिका?

"हाय की."

रडती का?

"नाय. आता नाय रडत."

गुडघे लई दुखायलेत म्हणली. म्हणलं तेल चोळून घे, सून कशाला आणलीय?

तिनं फोन ठेवला. आई पण तिच्याच बाजूची झालीय.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

सुट्टी नाय. दिवसभर खिशातलं पान काढू काढू बघितलं. ६.१०. १०.००. १०.१५. ५.३०. गेली नाय! तिचा भाऊ आकाश तिकडं ताटाकडं बघत बसला असंल. बसू दे. कंपनीनं मिठाईचा डबा दिला. एकट्यानं सगळा खाल्ला.

२९ ऑक्टोबर

करमंना. दाराला आवाज नसतो. नुसते आकडे. कधी कधी १०.०० ला वाटतं आता फोन लावावा, भाजी कोणती आणली इचारावं. लावला नाय. शब्द म्हंजे शब्द.

रविवारी महिना भरतो. माफ करून टाकीन. पॅकिंगचं नाव काढलं तर मात्र बघतो.

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळीच आईला लावला. म्हणलं दे तिच्याकडं, माफ केलं तिला.

"ती नाय इथं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच खुशनुमासंगं वैजापूरच्या गाडीत बसवून दिली मी. तिथं कापसाच्या आडतीवर कामाला लागलीय. यायची नाय ती आता."

म्हणलं, अन् दार?

"मीच उघडत व्हते रं. भिंत धरू धरू. पाय रोवायला तिला तेवढा महिना पायजे व्हता. आता बंद करू का हे?"