पाचोळ्यावर तापवलेलं पाणी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (पाठ धरली असल्यामुळे तो उभ्याउभ्याच घातला आहे, गोड मानून घे.) तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? जिना उतरताना कठड्याला धरतेस ना, की अजून एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात छत्री? इकडे आम्ही दोघं ठणठणीत आहोत. लोकांना दिवसेंदिवस कमी दिसत चाललं आहे, त्यामुळे आमचं चष्म्याचं दुकानही बरं चाललं आहे.

तुझं पत्र पोचलं. ‘आमच्याकडे कायमची राहायला ये’ या माझ्या एका ओळीला तू चार पानी नकार पाठवलास. कारण काय, तर तुला अंघोळीला आणि गुडघे शेकायला रोज बादल्याच्या बादल्या गरम पाणी लागतं. ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही, तिचं फक्त रूप बदलतं. म्हणजे तुझ्या प्रत्येक बादलीतली उष्णता दुसऱ्या कोणाच्या तरी जिवावर येणार, आणि तुला कोणाच्या जिवावर राहायचं नाही. सख्ख्या भावाला नकार द्यायला ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम काढणारी बहीण मी तरी दुसरी पाहिलेली नाही. (शाळेतून निवृत्त झालीस खरी, पण हातातला खडू काही सुटलेला नाही.) शेवटी बारीक अक्षरात तू ‘आणि तुझ्या बायकोचं मन विचारलंस का?’ असंही लिहिलं आहेस. त्या ओळीवरून मी सध्या नजर फिरवतो आणि पुढे जातो. बादलीचं मात्र मनाला लागलं. कोणाच्याही जिवावर न येणारं गरम पाणी करून दाखवायचं, मग बघू ताई कशी येत नाही, असं म्हणून मी बाह्या सरसावल्या.

सुरुवात सायकलपासून केली. माळ्यावरची जुनी सायकल खाली काढली, मागचं चाक अधांतरी राहील अशी ती ठोकून बसवली, भंगारवाल्याकडून एक दणकट डायनामो आणला आणि त्याची वायर बादलीत सोडलेल्या रॉडला जोडली. माझे पाय फुकटचे आहेत, अशी माझी समजूत होती. अर्धा तास जीव तोडून पायडल मारल्यावर बादलीत बोट घालून पाहिलं, तर पाण्याला काही वार्ताच नव्हती. मी मात्र घामानं निथळत होतो. म्हणजे उष्णता तयार होत होती, फक्त चुकीच्या भांड्यात. मग हिशोब मांडला (हो, मी, विज्ञानात तुझ्याच वर्गात नापास झालेला), तेव्हा कळलं की एक बादली कोमट करायला माझ्यासारख्या माणसानं सबंध सकाळ न थांबता सायकल हाणायला हवी. त्या दिवशी मी जेवलोही तसाच दणकून. तुझी भावजय वाढता वाढता शांतपणे म्हणाली की एवढं जेवण तुमच्या पोटात घालण्याऐवजी सरळ चुलीत घातलं असतं, तर पाणी केव्हाच उकळलं असतं. मला राग आला, पण मग लक्षात आलं की शास्त्र तिच्याच बाजूनं आहे. अन्नातल्या रासायनिक ऊर्जेची आधी पायांत हालचाल करायची, तिची मग वीज आणि विजेची मग उष्णता, आणि प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी गळती. इतक्या हातांतून गेल्यावर बादलीपर्यंत काय उरणार.

मग म्हटलं, मधले सगळे दलाल वगळू आणि थेट सूर्याकडेच जाऊ. एक पिंप काळं रंगवून गच्चीवर ठेवलं आणि दुकानातले, गिऱ्हाइकांनी चष्मा घालून स्वतःला पाहायचे आरसे भोवती मांडून सगळा उजेड पिंपावर टाकला. पाणी छान तापलं. मी मोठ्या समाधानानं दुकानात गेलो. पण सूर्य सरकतो (पृथ्वी फिरते, ठाऊक आहे, ओरडू नकोस) हे माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. आरसे होते तिथेच राहिले आणि उजेड पिंपावरून उतरून समोरच्या वकिलांच्या खिडकीत शिरला. ते दाढी करत होते. फार लागलं नाही, पण अर्धी मिशी गेली, आणि वकिलाची अर्धी मिशी म्हणजे अर्धी वकिली. शिवाय तुझे गुडघे दुखतात पहाटे, आणि पहाटे सूर्याचा काही उपयोग नसतो. आरसे दुकानात परत गेले.

तिसरा मार्ग मला बागेत सापडला. सकाळी फिरायला गेलो असताना माळ्यानं रचलेल्या पाचोळ्याच्या ढिगातून वाफ येताना दिसली. ढिगात हात घातला आणि चटका बसला. ताई, मी तिथल्या तिथे उडी मारायचा बाकी होतो. उन्हाळाभर पानांनी साठवलेलं ऊन बारीक जंतू बसून खात असतात, आणि खाता खाता ऊब बाहेर टाकतात. म्हणजे रात्रंदिवस, रॉकेल नाही, वीज नाही, पायडल नाही. जंतूंच्या जिवावर येतं म्हणशील, पण ते खुशीनं खातात. मी माळ्याला मस्का लावून हातगाड्या भरभरून पाचोळा आणि कापलेलं गवत आणलं, मागच्या अंगणात पुरुषभर उंच ढीग रचला, आत काळी नळी वेटोळी करून पुरली, तिचं एक टोक गच्चीवरच्या टाकीला आणि दुसरं न्हाणीघरात. पाणी उंचावर आहे, म्हणजे त्यात स्थितिज ऊर्जा आहे, खाली यायला वेगळा पंप नको. (टाकीत ते चढवलं कोणी, असं तू विचारणार. पंपानं. ते जाऊ दे.) चौथ्या दिवशी नळ सोडला आणि कढत पाणी आलं. मी न्हाणीघरात एकटाच गाणं म्हणत होतो आणि खरं सांगतो, तुझी फार आठवण आली. लहानपणी तू चुलीवरचं पातेलं उचलून आणायचीस, माझं डोकं खसाखसा धुवायचीस आणि स्वतः थंड पाणी घ्यायचीस.

वास मात्र येत होता, नाही म्हणत नाही. मलाही येत होता, पण मी त्याच्याकडे शास्त्रीय दृष्टीनं पाहत होतो. वकिलांकडे ती दृष्टी नव्हती. ते नोटीस घेऊन स्वतः आले, ढिगाशी उभे राहून ती मोठ्यानं वाचू लागले, आणि नेमका तेव्हाच नळीचा सांधा सुटला. स्थितिज ऊर्जेची गतिज कशी होते, हे तू मला पाच वेळा समजावलं होतंस, पण नीट कळलं ते तेव्हा. वकील डोक्यापासून पायापर्यंत न्हाले, अंगावर कुजकी पानं, हातात नोटिशीचा लगदा. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ते चष्मा पुसत म्हणाले, “पाणी रोज इतकंच गरम असतं का?”

तर ताई, असं आहे सगळं. जिवाला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. ढीग गेल्या आठवड्यात गार पडला. जंतूंनी खायचं ते खाऊन संपवलं. ऊर्जा नष्ट झालेली नाही, गल्लीत पसरली आहे. सध्या आम्ही न्हाणीघरातल्या गीझरचं पाणी वापरतो. गीझर आमच्याकडे पहिल्यापासूनच आहे.

ता. क. हे पत्र पोस्टानं आलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ज्यानं ते तुझ्या हातात दिलं तो टेम्पोवाला आहे, आणि तू वाचत असताना त्यानं आणि त्याच्या जोडीदारानं तुझं कपाट खाली नेलेलं असणार. पत्र लांबवलं ते त्यासाठीच. सुरू केलेलं पत्र अर्धवट ठेवणं तुझ्या स्वभावात नाही. शास्त्राच्या काही चुकाही मुद्दाम घातल्या आहेत (काही आपोआप झाल्या), म्हणजे तू लाल पेन्सिल घेऊन बसशील आणि मान वर करणार नाहीस. आता पलंग जाईल. त्या माणसांना रागावू नकोस, त्यांना पैसे दिलेले आहेत.

ता. क. यातलं काहीही मला सुचलेलं नाही. टेम्पो ठरवला तुझ्या भावजयीनं, पत्र लांबलचक लिहा म्हणाली तीही तीच. मला आज सकाळी चहाबरोबर कळलं. तुझी ती बारीक अक्षरातली ओळ मी तिला दाखवलीच नव्हती. माझा चष्मा शोधताना तिनं ती वाचली. म्हणाली, “ताईंना म्हणावं, मन विचारायचं होतं तर मला विचारायचं. मी काही विचारायला येत नाही, न्यायला येते आहे.” खिडकीतून खाली बघ. ड्रायव्हरच्या शेजारी बसली आहे. वर आली तर तू चहा पाजून, गोड बोलून तिला परत पाठवशील, म्हणून सामान भरून होईपर्यंत ती उतरणार नाही. मांडीवर उशी आहे ती तुझ्या गुडघ्याखाली घ्यायला. रस्ता खराब आहे.