दोन कड्यांचे दार

त्या सकाळी मी पाणी भरून घेतले, कामाच्या खोलीचा केर काढला, पुठ्ठ्यांचे कपटे गोळा केले आणि मैद्याची खळ शिजायला ठेवली. हे दाबाच्या यंत्राचा दांडा फिरवत होते. मी खळ ढवळत असताना यंत्राचा आवाज थांबला. मला वाटले, दाब पुरा झाला. वळून पाहिले तर हे यंत्रालाच टेकून खाली बसले होते. पुढचे मला फारसे आठवत नाही. आठवते ते एवढेच की भिंतीपलीकडची धाकटी जाऊ रस्त्याने वळसा घालून, अनवाणी, घरात आली. म्हणाली, "वहिनी, खळ करपतेय," आणि तिने गॅस बंद केला.

मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण ती सकाळ सांगितल्याशिवाय पुढचे कोणाला कळणार नाही.

मी, पुस्तके बांधणाऱ्याची विधवा, वय एकाहत्तर, गुडघे सोडले तर ठाकठीक, हे राजीखुशीने आणि कोणी न सुचवता लिहीत आहे. डोके शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मुलीला तो पुरेसा वाटत नाही, पण कायद्याला चालतो.

कलम एक. राहते घर, म्हणजे भिंतीच्या अलीकडचे अर्धे, आणि बँकेतली ठेव मुलीला मिळावी. घर विकायचे तर तिने खुशाल विकावे. कामाच्या खोलीतल्या फरशीवरचे खळीचे डाग मात्र जाणार नाहीत. मी आयुष्यभर घासून पाहिले आहेत.

कलम दोन. दाबाचे यंत्र, दाभणे, कात्र्या आणि कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी कोपऱ्यावरच्या वहीवाल्याला द्यावी. तो वह्या वाकड्या शिवतो, पण शिवतो तरी. यंत्राबद्दल एक सांगायचे आहे. दांडा फिरवताना यांच्या दंडात एक गोळा वरखाली पळायचा. मसल हा इंग्रजी शब्द लॅटिनमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ छोटा उंदीर, असे मी यांना वाचून दाखवले, तेव्हा दंड पुढे करून म्हणाले, "धर मग." त्यानंतर उंदीर बरा आहे ना, असे मी अधूनमधून विचारत असे. त्या सकाळी मी तोच दंड धरून बसले होते आणि सोडत नव्हते, असे धाकटीने मागाहून सांगितले.

कलम तीन. शब्दांची मुळे सांगणारा जाडजूड इंग्रजी कोश मुलीने घ्यावा. नको असेल तर वाचनालयाला द्यावा, रद्दीत घालू नये. तो एका प्रोफेसरांनी बांधायला दिला होता. तयार झाल्यावर त्यांनी उघडून पाहिला, मिटला आणि गेले ते परत आले नाहीत. कारण मधला एक फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा, उलटा शिवला गेला होता. दोघे भाऊ एकत्र काम करत. धाकटे दीर फर्मे लावून देत आणि हे शिवत. ज्या दिवशी भांडण होऊन दीर वेगळे झाले, त्या दिवशी यांनी तो फर्मा एकट्याने लावला.

इंग्रजी मी शाळेत शिकले नाही. फर्म्यांचा क्रम तपासताना पानांच्या माथ्यावरचे शब्द बघावे लागतात, त्यातून अक्षरे आली आणि घरातच राहिलेल्या या कोशातून बाकीचे. दुपारी मी वाचत असे आणि हे शंका काढत. व्हॉल्यूम म्हणजे मुळात गुंडाळी, हे त्यांना अजिबात पटले नाही. "गुंडाळीच करायची तर मग माझं काय काम?" म्हणाले.

उलटा फर्मा वाचायला कोश उलटा धरावा लागतो. त्यातच रायव्हल हा शब्द आहे. त्याचा अर्थ वैरी, स्पर्धा करणारा. पण लॅटिनमध्ये मूळ अर्थ, एकाच ओढ्याचे पाणी वापरणारे शेजारी. हा अर्थ मी यांना वाचून दाखवला नाही. त्यांना भावाचा विषय नको असे.

कलम चार. अंगणातल्या नळाचे पाणी धाकटीला कायमचे मिळावे आणि मधल्या भिंतीतले दार उघडे राहावे.

हे कलम मी खोडले आहे. कारण खाली देते.

वाटणीत नळ आमच्याकडे आला. दिरांनी भिंत बांधली आणि तिच्यात एक दार ठेवले, त्याला दोन्ही बाजूंनी कडी. एकाच्याच मनात आले म्हणून ते उघडू नये, अशी ती व्यवस्था. धाकटी त्या दिवशी सर्वांदेखत म्हणाली, "पाणी तुमचं, तहान आमची. मागायला येणार नाही." आली नाही. रस्त्याच्या टोकाच्या नळावरून कॅन वाहते. दीर गेले, हे गेले. आता भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकेक बाई आहे. हल्ली ती कॅन अर्ध्या वाटेवर खाली ठेवते, हे मला खिडकीतून दिसते.

मृत्युपत्राला इंग्रजीत टेस्टामेंट म्हणतात. त्याच्या मुळाशी साक्षीदार आहे. म्हणून साक्षीदार धाकटीच हवी, असे मी वकीलबाईंना सांगितले. त्या सकाळी आत आलेली तीच. वकीलबाई म्हणाल्या, "काकू, जिला काही द्यायचं तिची सही घेऊ नका, उद्या कोणी बोट ठेवेल. नळ तरी द्या, नाहीतर सही तरी घ्या."

मी सही घ्यायचे ठरवले. मुलीला एवढेच सांगणे आहे की हयातीत मी कोणाला काही दिले असेल, तर ते तिने परत घेऊ नये.

सही कशी झाली, तेही मागाहून इथेच लिहून ठेवते. मुलगी धाकटीला बोलावून आली. धाकटी रस्त्याने वळसा घालून आली, चष्मा लावून वाचत गेली आणि खोडलेल्या ओळीवर बोट ठेवून थांबली.

"हे का खोडलं?"

साक्षीदाराला काही मिळत नाही, असे मी सांगितले.

"बरं झालं. मी कुठे मागितलं होतं?" असे म्हणून तिने सही केली आणि आली तशीच रस्त्याने परत गेली.

ठिकाण: राहते घर, कामाची खोली.
तारीख: ७ फेब्रुवारी, बुधवार.
लिहून देणार: (सही) पुस्तके बांधणाऱ्याची विधवा
साक्षीदार: (सही) वकीलबाईंचे कारकून
साक्षीदार: (सही) धाकटी जाऊ, भिंतीपलीकडे राहणार

सहीनंतरची नोंद. ही मृत्युपत्राचा भाग नाही, पण याच कागदाला टाचून ठेवावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या बाजूची कडी हातोडीने ठोकून काढली. पलीकडून आवाज आला, "थांबा वहिनी, माझी गंजलीय. तेल आणते." ती तेल आणेपर्यंत मी बादली भरून दाराशी ठेवली.