बस्त्याच्या दिवशीचं कार्ड

बाबा, काल इथल्या रायस्वाइक गावी साडीच्या दुकानात पैसे घ्यायचं मशीन बंद पडलं आणि मला तुम्ही आठवलात. पुढच्या महिन्यात तुमच्या नातीचं, माझ्या लेकीचं लग्न आहे. मुलगा इथलाच, डच, पण साडी तिला नऊवारीच हवी. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, असं आमचं चालतं.

तुम्ही बँकेच्या नव्या क्रेडिट कार्ड विभागात गेलात तेव्हा सगळे हसले होते. साहेब असून दुकानोदुकानी काचेवर 'इथे कार्ड चालतं' असे स्टिकर चिकटवत हिंडतोय म्हणून. तुम्हाला फिकीर नव्हती. जेवताना ती अमेरिकेतली गोष्ट सांगायचात, हॉटेलात भरपेट जेवल्यावर पाकीट घरीच राहिल्याचं कळलेल्या माणसाची. त्यातूनच म्हणे हे कार्ड निघालं. खरंखोटं देव जाणे. आई म्हणायची, "विसरभोळ्यांची सोय, दुसरं काय!" तुम्ही उसळायचात, "अगं, अनोळखी गावातही माणसाची पत चालली पाहिजे!"

मग ताईचा बस्ता. लक्ष्मी रोडवरचं दुकान, गादीवर व्याही आणि विहीणबाई, साड्यांचा ढीग, आणि तुम्ही ऐटीत कार्ड काढता. दुकानदार ते लोखंडी यंत्रात ठेवतो, वर कार्बनची पावती, दांडा सरकवतो, खर्र. तुमचं नाव कागदावर उमटतं. पण रक्कम मोठी, बँकेला फोन करून मंजुरी घ्यायला हवी, आणि फोन एंगेज. पुन्हा एंगेज. विहीणबाई व्याह्यांकडे बघतात. दुकानदार म्हणतो, "साहेब, घरचेच आहात. घेऊन जा, पैसे सवडीनं द्या." आजोबांपासून आपले बस्ते तिथलेच, त्यात लाज कसली? पण तुम्ही हटून बसलात. "नाही. कार्डावरच घेईन." ताईचं तोंड एवढंसं झालं. दोनदा चहा झाला. शेवटी फोन लागला, आणि तो मंजुरीचा नंबर तुम्ही असा मोठ्यानं म्हणून दाखवलात, जणू नातू झाल्याची तार आली.

मी आता इथे डीमन गावातल्या ऑफिसात तेच मंजुरीचं काम करते. कार्डाला हो म्हणायचं की नाही, ते ठरवणारी सिस्टिम सांभाळते. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर जातं. गंमत म्हणजे इथल्या लोकांना क्रेडिट कार्डाचं कौतुक नाही. सुपरमार्केटात ते चालत नाही म्हणून कितीदा तरी मी परत पाकिटात घातलंय. खात्यात असेल तेवढंच खर्चावं, हा यांचा बाणा. आईचं यांच्याशी छान जमलं असतं.

तर काल. दुकानदारीण सुरिनामची, पूर्वज कधीकाळी भारतातून तिकडे गेलेले, वयस्कर, हिंदी बोलणारी. मशीन काही सुरू होईना, म्हणून मी साडी बाजूला सारली. ती म्हणाली, "ले जाओ बेटी, पैसे बाद में भेज देना." आणि खातेनंबराची चिठ्ठी पिशवीत टाकली. मी ओळखपत्र काढायला लागले. "अरे, चेहरा देख लिया ना," म्हणाली. तुम्ही मशीन सुरू होईपर्यंत तिथेच ठाण मांडलं असतं. मी साडी घेऊन ट्राममध्ये बसले.

हे पत्र कुठे टाकणार म्हणा. पण एक सांगते. पैसे ट्राममधूनच फोनवर पाठवता आले असते, मिनिटाचं काम. मी ते आज सकाळी पाठवले. इतकी वर्षं इथे माझ्या कार्डाला हो मिळतंय, बाबा. काल ते मला स्वतःला मिळालं, आणि एक रात्र ती उधारी तशीच राहावी असं वाटलं.