वाळवंटात मोहरी

श्री कानिफनाथ प्रसन्न
(वरचं नाव देवाचं आहे, माझं नव्हे. मी प्रसन्न आहे की नाही ते पुढं कळेल.)

श्रीगोंदे,
आश्विन वद्य चतुर्थी, ऑक्टोबर १९७२

चिरंजीव सहादेवराव यांस कानिफनाथ दाजीचे अनेक उत्तम आशीर्वाद. (नुसतं ‘सहादेव’ लिहिणार होतो, पण लढाई करून आलेल्या माणसाला ‘राव’ लावावं असं तुझ्या बहिणीचं मत पडलं. मला तिनं आजवर काही लावलेलं नाही, त्याबद्दल माझी तक्रारही नाही.) इकडे सर्व खुशाल. म्हणजे पाऊस नाही, विहिरीत पाणी नाही, रेशनावर ती परदेशची लाल मिलो ज्वारी मिळते तिच्या भाकरीला चव नाही आणि दवाखान्यात जो येतो तो पोट धरून येतो, बाकी खुशाल. तुझी तब्येत कशी आहे? नवा पाय अंगवळणी पडला का? तो चावतो असं तू मागं लिहिलं होतंस. अरे, नवी चप्पलसुद्धा पंधरा दिवस चावते, हा तर अख्खा पाय आहे. घासतो तिथं खोबरेल लाव. मी कंपाउंडर असलो तरी हे डॉक्टरनं सांगितलंय असं धरून चाल.

तुझं कार्ड मिळालं. यंदा भाऊबीजेला येत नाही, पाटावर मांडी घालता येत नाही तर ओवाळून काय घेणार, आणि गावातले लोक बघायला गोळा होतील ते नको, असं तू लिहिलंस. वाचलं. त्यावर मला काहीही म्हणायचं नाही. तुझ्या बहिणीनं कार्ड देवापाशी ठेवलं आणि दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, जणू काही तुझ्या रणगाड्याखाली सुरुंग मीच पुरून ठेवला होता. आईवडलांच्या मागं माहेर म्हणून तिला तू एवढाच आहेस, हे तुला ठाऊक आहे, म्हणून तेही मी लिहीत नाही. हे पत्र निराळ्याच कामासाठी आहे. मी रणगाड्यांची लढाई बांधतो आहे.

दचकू नकोस. दिवाळीत पोरं अंगणात किल्ला करतात ना, तसंच. फक्त किल्ल्याच्या जागी तुझी लढाई. त्याचं असं झालं, की शेजारची झुंबरबाई (तीच ती, खणखणीत आवाजाची, सध्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जाते, पण आवाज आहे तसाच आहे) एकदा ओट्यावर टेकली आणि म्हणाली, “पुष्पे, सहादेव लढाईत लढला म्हंजी त्यानं नेमकं केलं काय गं?” पुष्पावती म्हणाली, “गाडी चालवत हुता.” झुंबरबाई म्हणाली, “यष्टीवानी?” आता मला सांग, रणगाड्याची यष्टी झालेली मी कशी ऐकून घेऊ? तिथल्या तिथं जाहीर केलं, की येत्या दिवाळीला सगळं करून दाखवतो, तेही प्रमाणशीर, अस्सल मापानं. जाहीर केल्यावर लक्षात आलं, की अस्सल माप आपल्याला माहीत नाही.

दवाखान्याची औषधं आणायला मी नगरला जातोच. तेव्हा सुतळीचा गुंडा खिशात टाकून छावणीच्या रस्त्याला लागलो. रणगाडा रोज भेटत नाही, पण रस्त्याच्या कडेच्या मातीत त्याच्या पट्ट्यांची चाकोरी उमटलेली सापडली. म्हटलं, देव पावला. उकिडवा बसून या पट्ट्यापासून त्या पट्ट्यापर्यंत सुतळी ताणली आणि गाठ मारायला लागलो, तोच पाठीमागून आवाज आला. वळून बघतो तर बूट. वर बघतो तर बंदूक. पहारेकऱ्यानं हिंदीत विचारलं, क्या कर रहे हो. माझी हिंदी तुला माहीत आहे. मी खरं तेच सांगितलं: “हम किल्ला बांधता है.” छावणीच्या शेजारी, सुतळी हातात घेऊन, हे वाक्य बोलू नये असं आता माझं मत झालं आहे.

मला त्यांच्या सुभेदारापुढं उभं केलं. पंजाबी माणूस, पांढऱ्या मिशा, डोळे असे की आपण गुन्हा केलाच असावा असं वाटावं. मग काय तोंड सुटलं! तुझं नाव, तुझा हुद्दा, तुझी बहीण, झुंबरबाई, यष्टी, सगळं ओकलो. तुझ्या पायाचंही सांगितलं. त्यावर त्यानं चहा मागवला. सुतळी माझ्या हातातून घेतली, उलटीसुलटी करून बघितली, मी मारलेली गाठ सोडली आणि चार बोटं पुढं नवीन मारून दिली. मिलिटरीचं गुपित त्यानं फोडलं नाही, आणि माझं मापही चुकू दिलं नाही. मी निघताना एवढंच म्हणाला, की त्याला आमचा सलाम सांगा. तो या पत्रातून पोचवतो आहे, घ्यावा.

पुढचं काम कमरुद्दीनकडं दिलं. आपला बैलगाड्या करणारा सुतार रे. यंदा गाडी कोण करून घेतो? बैलच छावणीवर नेऊन बांधलेत (ही गुरांची छावणी, वरची मिलिटरीची, यंदा जिकडंतिकडं छावण्याच). त्यामुळं तो मोकळाच होता. एका फुटाला अर्धा इंच असा हिशेब त्याला बजावून सांगितला. त्यानं बाभळीचा असा भक्कम सांगाडा केला, की खरा रणगाडा त्याच्यापुढं हलका वाटावा. पण पुढच्या बाजूला दोन भोकं. म्हटलं, मियाँ, ही कशाला? म्हणाला, “जू बांधायला. वढणार कोन त्याला?” मी सांगितलं, हा आपला आपण चालतो, आत इंजिन असतं. त्यानं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि भोकं तशीच ठेवली. म्हणाला, “असू द्या कंपाउंडर, इंजिनाचा काय भरवसा?” तेव्हा तुझ्या रणगाड्याला जुवाची सोय आहे, एवढं बघणाऱ्यानं समजून घ्यावं लागेल.

बाकीचं मी दवाखान्यातून भागवलं. वरचा घुमट म्हणजे मलमाचा डबा, पट्टे म्हणजे सायकलची जुनी चेन, चाकं म्हणजे तुझ्या बहिणीच्या दोऱ्याची रिळं, आणि तोफ म्हणजे थर्मामीटर ठेवायची नळी. (डॉक्टर अजून ती शोधताहेत. हे पत्र फाडून टाक. नको, शेवटपर्यंत वाचून मग फाड.) रंग द्यायला खाजेवरचं औषध वापरलं, कारण ते वाळूसारखं दिसेल असा माझा कयास होता. वाळल्यावर रणगाडा गुलाबी झाला. लग्नातल्या फेट्यासारखा गुलाबी! झुंबरबाई म्हणाली, नवरदेव कुठं हाय? मग हळद, काजळ आणि चुलीतली राख कालवून वरून हात मारला, तेव्हा कुठं तो लढाईला जाण्याजोगा झाला.

वाळवंट मात्र झकास साधलं. वाळवंट करायला यंदाच्याइतकं सोयीचं साल पुन्हा मिळायचं नाही. नदीच्या पात्रात वाळूच वाळू. खाली मातीचा थर, वर वाळू, टेकाडं, मध्ये रणगाडा. आता राहिले जवान.

हे पुढचं लिहू की नको, असा दोन दिवस विचार केला. पण तुझ्यापासून काय लपवायचं? जवान मी प्लॅस्टरचे केले. हाड मोडल्यावर घालतो त्याच प्लॅस्टरचे. बाकीचे बरे झाले. तुझा पुतळा मुद्दाम जीव ओतून केला, नाकसुद्धा तुझ्यासारखं, जरा बसकं. साच्यातून काढताना त्याचा डावा पाय, नेमका तुझा गेला तोच, मोडून हातात आला. दुसरा केला, त्याचाही तोच पाय गेला. प्लॅस्टर ठिसूळ आणि पाय बारीक, त्यात दैवाबिवाचं काही नाही, हे मी स्वतःला चांगलं खडसावून सांगितलं. तरी रडू आलं ते आलंच. मग युक्ती केली. म्हटलं, हा ड्रायव्हर आहे, ड्रायव्हर आत बसतो. झाकणातून डोकं तेवढं वर ठेवलं. रणगाड्यात बसलेल्याचे पाय कोण बघायला जातंय?

पुष्पावती भाकरीचं पीठ मळत होती. पिठाच्या हातानं तशीच आली, बघितलं आणि म्हणाली, “त्याला लपवता व्हय?” मी म्हटलं, लपवत नाही, बसवलाय. ती म्हणाली, “भायेर काढा माझ्या भावाला.”

काढला. बाहेर काढला तर उभा कसा राहणार? शेवटी इंजेक्शनची एक जुनी सुई घेतली, गुडघ्याखाली प्लॅस्टरमध्ये बसवली आणि टोक वाळूत रोवलं. सहादेव, खोटं सांगत नाही: वारं सुटलं की धडधाकट जवान पटापट आडवे होतात आणि सारखे उभे करावे लागतात. सुईवाला एकदाही पडला नाही. रणगाड्याच्या पुढं एकटा उभा आहे, पठ्ठ्या!

आणि आता माझ्या सगळ्या मेहनतीची माती कशी झाली ते ऐक. चार दिवसांपूर्वी सकाळी अंगणात आलो, तर माझं वाळवंट हिरवं! टेकाडं हिरवी, खंदक हिरवे, रणगाड्याच्या पोटाखालून पालवी. मोहरी! लहानपणी तू किल्ला करायचास आणि ही त्याच्यावर मोहरी टाकायची, ती हिच्या हाताची सवय. मातीचा ढीग दिसला की मूठभर टाकायचीच. राजस्थान असो की रायगड, तिला सगळं सारखंच. वर रोज भांड्यांचं धुवण ओतायची. मी डोक्याला हात लावला. म्हटलं, अगं, हे वाळवंट आहे, इथं गवताची काडी उगवत नाही! तर म्हणते, “उगवली की मग.”

मी उपटायला बसणार होतो, देवाशप्पथ. पण तेवढ्यात झुंबरबाई खडीवर निघालेल्या बायका घेऊन आली. कोणी रणगाडा बघितला नाही, तोफ बघितली नाही, सुभेदाराच्या गाठीचं अस्सल माप तर कोणी विचारलंसुद्धा नाही. सगळ्या त्या हिरव्याभोवती गोल बसल्या. एकीनं नुसता वरून हात फिरवला. झुंबरबाईचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला. म्हणाली, “लई दिसानं हिरवं बघितलं गं.” तेव्हापासून रोज येतात, अजून चार जणींना घेऊन येतात. आता मी कुठल्या तोंडानं उपटू? तेव्हा तुझी भीती खरी आहे, लोक बघायला येतात. पण ते मोहरी बघायला येतात. यंदा दुसऱ्याच्या पायाकडं बघत बसायला कोणाला सवड नाही रे, ज्याला त्याला आपल्या पोटाकडं बघायचंय.

असो. फार लांबलं. मुद्द्याचं काम एवढंच, की तोफेचं तोंड उगवतीला होतं का मावळतीला, तेवढं कार्डावर कळवावं. जिवाला जपावं. खोबरेल विसरू नये.

तुझा दाजी,
कानिफनाथ

ता. क. — तोफेच्या तोंडाचं कार्डावर नीट समजायचं नाही असं आता वाटतं. लष्करी काम आहे, चूक राहिली तर नगरला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. कोणीतरी जाणत्यानं येऊन तपासणी करायला हवी. मी दिवाळीला ये म्हणत नाही, गैरसमज नको. तपासणीला ये. ती नेमकी भाऊबीजेच्या सुमाराला पडते, त्याला माझा इलाज नाही.

ता. क. दुसरा — कमरुद्दीनकडं बाभूळ उरली होती, ती वाया कशाला घालवायची म्हणून आपल्या पाटाला चार पाय लावून घेतले. खुर्चीएवढा उंच झालाय. मांडी घालायचं कामच नाही, पाय सोडून बसायचं, बाई उभ्यानं ओवाळते. मी बसून बघितला. पुष्पावतीनं ओवाळायचीही तालीम केली, आणि नवऱ्याला ओवाळताना भावाची आठवण काढून रडली, ते मला फारसं आवडलं नाही.

(हितून फुडं पुष्पावती.) सहादेवा, ह्यांचं समदं खरं धरू नको. मोहरी मी टाकली ती खरी, पन धुवनाचं पानी कवाच बंद झालं, टँकर येत न्हाई. आता ह्येच आपल्या दाढीचं पानी तिला घालत्यात. दाढी केव्हाची वाढलीय, दवाखान्यातली मानसं ह्यांनाच तब्येत इचारत्यात. मागल्या साली तुझी रजा मोडली, मी चंद्राला ओवाळलं. चंद्र काय, समद्या जगाचा भाऊ. माझा तू एकटा हायेस. यंदा मी चंद्राला ओवाळनार न्हाई. ताट भरून दारात उभी ऱ्हानार हाय. आता तुझं तू बघ.

ता. क. शेवटचा — तिनं वर काय लिहिलंय ते मी वाचलेलं नाही. (दाढीचं खोटं आहे.) पाटात एक खोट राहिली ती सांगायची राहून गेली. चारातला एक पाय आखूड भरला, त्यामुळं जरा डुगडुगतो. कमरुद्दीन लगेच खाली चकती ठोकून देत होता. मी म्हटलं, मियाँ, आत्ता नको. बसणारा येऊ दे. तो बसला, की त्याला विचारून ठोकू.