दौलतचा गुरुवार

आदिलाबाद,
रविवार, ३ नोव्हेंबर १९७४

॥ श्री ॥

चि. सौ. वनमाला हिस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुमच्या कामठीच्या क्लबाने उसना दिलेला खेळाडू चि. दौलत पाटील काल सायंकाळच्या मोटारीने सुखरूप पोहोचला. शरदचंद्ररावांना मंडळातर्फे आभार सांगावेत. सचिव या नात्याने मी स्वतंत्र पत्र धाडतोच आहे.

आमची अडचण तुला ठाऊक आहे. तीन वर्षे ओळीने अंतिम सामन्यात आम्ही खाणीवाल्यांच्या संघाकडून हरलो. आमची बचावफळी चांगली आहे, पण पुढे जाऊन गोल करणारा कोणी नाही. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर खर्च आवरतो, जमा होत नाही. त्यामुळे एकोणीस वर्षांच्या या मुलावर साऱ्या गावाचा डोळा आहे. मोटार-स्टँडवर पन्नासएक माणसे उतरवून घ्यायला आली होती. मारोतराव शिंप्याने तर तिथेच त्याच्या खांद्याचे माप घेतले आणि इतका बारका पोरगा खाणीवाल्यांच्या धक्क्यात कसा टिकून राहील, अशी चिंता माझ्याजवळ बोलून दाखवली.

तुमच्या क्लबाची अट एकच होती : राहणे आणि दोन वेळचे जेवण. राहण्याची सोय आमच्या कापसाच्या जिनिंगच्या आवारातल्या खोलीत, गोलकीपर नागोरावच्या सोबत केली आहे. जेवणासाठी खाणावळ लावावी असे काहींचे मत होते. मी जुनी रीत सुचवली. पूर्वी परगावचे विद्यार्थी वार लावून जेवत, तसे सात घरी सात वार. पोराला घरचे अन्न मिळेल आणि गावाला तो आपला वाटेल. मुलाचे आडनाव वाचून सगळेच निश्चिंत होते, त्यामुळे वार देण्यासाठी घरांत चढाओढ लागली. सोमवार उद्धवराव वकिलांचा, बुधवार हेडमास्तर सुधाकररावांचा, गुरुवार आपला. तुझी वहिनी कुमुदिनी आतापासून त्याच्या आवडीनिवडी विचारते आहे, त्या कळव.

लोभ आहेच, तो वाढता असू दे.

तुझा,
हेमचंद्रदादा

•

कामठी,
सोमवार, ११ नोव्हेंबर १९७४

तीर्थस्वरूप दादांस,

वनमालेचा साष्टांग नमस्कार. वि. वि. पत्र पोचले. तुम्हां उभयतांना दिवाळीचा नमस्कार. ज्या माणसाने जन्मात चेंडूला पाय लावला नाही तो फुटबॉल मंडळाचा सचिव, यावर आमच्या घरी अजून हसून राहिले आहेत. हे म्हणतात, तुमचे दादा ऑफसाइडसुद्धा व्याजासारखा समजावून घेतात.

दौलत बोलायला फार कमी. डावा पाय सोन्याचा, पण त्याची तारीफ केली की कान लाल होतात. आवडनिवड विचाराल तर काहीच सांगणार नाही. दुसऱ्यांदा वाढू का म्हणाल तर नको म्हणेल, तेव्हा वहिनींनी विचारूच नये, वाढावेच. त्याची आई विड्या वळते आणि एकटीने तिने त्याला वाढवला. तो निघाला तेव्हा ती मला एवढेच सांगून गेली, की परक्या मुलखात पोरगं जेवलं का, एवढं कोणी पाहावं. मी तिला सांगितले, तिथे माझे दादा आहेत.

वार लावण्याची कल्पना फार आवडली. त्याच्या आईला सांगितली तर ती पदर डोळ्याला लावून हसली.

माया अशीच राहू द्यावी, ही विनंती.

तुमची,
वनमाला

•

आदिलाबाद,
सोमवार, २५ नोव्हेंबर १९७४

॥ श्री ॥

चि. सौ. वनमाला हिस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. काल निर्मलच्या संघाशी सामना झाला. आमचे तीन, त्यांचा शून्य. तिन्ही दौलतचे. तिसऱ्या गोलाला त्याने गोलकीपरला एका बाजूस लोळवून चेंडू दुसऱ्या बाजूने इतक्या सावकाश आत ढकलला की तो रेषा ओलांडेपर्यंत लोक माना उंचावून पाहत होते. मग मारोतराव शिंपी ओरडला की हा पोरगा आता आपला, कामठीले कोणी वापस देऊ नका. उद्धवराव वकिलांनी कायद्याने तसे करता येते का, याचा विचार सुरू केला आहे. त्यांचा विनोद असा असतो.

गावात सध्या दुसरा विषय नाही. कापूस घेऊन येणारे गाडीवानसुद्धा काट्यावर माल चढवायच्या आधी पुढचा सामना कधी ते विचारतात.

एक लहानशी गोष्ट. गेल्या गुरुवारी जेवताना तुझ्या वहिनीने सहज त्याचे कुलदैवत विचारले. त्याने सरळपणे जे होते ते सांगितले. उत्तर आम्हांस अनपेक्षित होते. विशेष काही नाही. मात्र शरदचंद्ररावांना मुलाच्या घरची पूर्ण माहिती होती काय, एवढे उलट टपाली कळव.

ममता असावी.

तुझा,
हेमचंद्रदादा

•

कामठी,
मंगळवार, ३ डिसेंबर १९७४

ती. दादांस,

सा. न. वि. वि. तुम्ही काय विचारले आहे ते मला समजले, म्हणून सरळ उत्तर देते. होय, यांना माहिती होती. मलाही होती. दौलत बौद्ध आहे. त्याची आई दीक्षा घ्यायला नागपूरला गेली तेव्हा तो तिच्या कडेवर होता, हे ती अभिमानाने सांगते. पाटील हे त्यांचे पिढ्यांचे आडनाव आहे, कोणाला फसवायला लावलेले नाही.

तुम्हांला आधी कळवले नाही, असा यांच्यावर रोख दिसला. आमच्या क्लबात पोरगा आला की डावा पाय की उजवा, एवढेच विचारतात. बाकी कळवायचे असते हे यांच्या ध्यानातच आले नाही. माझ्या आले असते, मी त्या घरची मुलगी आहे. पण मला वाटले, दादांना त्याची गरज नाही.

गल्लीतल्या मुलींनी वर्तमानपत्र वाचलेले कोणाला खपत नसे, तेव्हा तुम्ही मला ओसरीवर बसवून मोठ्याने वाचायला लावत होता. ते दादा माझ्या डोळ्यांपुढे आहेत, म्हणून मी निश्चिंत आहे. गुरुवार चालू आहे ना, एवढे लिहा.

मायेचा हात डोक्यावर असू द्यावा.

तुमची,
वनमाला

•

आदिलाबाद,
रविवार, २२ डिसेंबर १९७४

॥ श्री ॥

चि. सौ. वनमाला हिस,

आशीर्वाद. वि. वि. उत्तरास विलंब झाला. आज उपांत्य सामना जिंकलो. एकमेव गोल दौलतचा. १२ जानेवारीस खाणीवाल्यांशी अंतिम सामना आहे.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर देणे भाग आहे. वारांची व्यवस्था पूर्वीसारखी राहिलेली नाही. कोणी काही बोलले नाही, हे मुद्दाम नमूद करतो. उद्धवरावांकडे पाहुणे आले, ते अद्याप गेलेले नाहीत. सुधाकररावांच्या घरी व्रत धरले आहे, त्यामुळे परक्याचे पान मांडता येत नाही. तिसऱ्या घरी मुलाचा अभ्यास आहे. उरलेल्यांना कारण सांगण्याचीही गरज वाटली नाही, कारण तोपर्यंत दौलतने तिकडे जाणेच सोडले होते. हीच मंडळी मैदानावर घसा बसेपर्यंत त्याचे नाव घेतात. दोन्ही गोष्टी एकाच माणसात कशा राहतात याचा मेळ मला लागत नाही.

आपला गुरुवार मी बंद केला नाही. परंतु या महिन्यातल्या एका गुरुवारी तुझ्या वहिनीने त्याचे पान ओसरीवर मांडले. स्त्रियांच्या मनाचा एकदम निचरा होत नाही, हे तू समजून घेशील. मी आत जेवत होतो. त्याने मान खाली घालून जेवण केले, ताट स्वतः विहिरीवर घासले, पालथे घातले आणि नमस्कार करून गेला. पुढच्या गुरुवारी निरोप आला की नागोरावच्या गावाहून, बाजारहत्नूरहून, ज्वारीच्या भाकरी आल्या आहेत, तेव्हा येत नाही. आता तो खोलीवरच नागोरावसोबत जेवतो. खेळात काही उणे दिसत नाही.

अधिक काय लिहू. लोभ कमी होऊ देऊ नये.

तुझा,
हेमचंद्रदादा

•

आदिलाबाद,
शुक्रवार, २७ डिसेंबर १९७४

सौ. वनमालावन्सं यांस,

कुमुदिनीचा नमस्कार. तुमचं रागाचं पत्र मला आलं. मला लिहिता कमी येते, तरी लिहून राह्यली.

पान ओसरीवर मी मांडलं हे खरं आहे. त्याचं पाप मी नाही म्हणत नाही. पण मांडायच्या आधी मी तुमच्या दादांना स्वयंपाकघरातून विचारलं होतं की आज कुठं मांडू. त्यांनी पेपरातून डोकं नाही काढलं. म्हणाले की ओसरीवर हवा चांगली आहे. डिसेंबरात, वन्सं. मी शाल घेऊन होती.

पोराला वाढायला गेली तर माझा हात वरूनच सुटला, म्हणजे भाकर टाकल्यासारखी पडली. त्यानं वर पाह्यलं नाही. त्याच्या आईला हे सांगू नका. त्यानं काही सांगितलं नसन.

राग गेला की दोन ओळी धाडा.

तुमची वहिनी,
कुमुदिनी

•

कामठी,
बुधवार, १ जानेवारी १९७५

ती. दादांस,

सा. न. वि. वि. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी असे पत्र लिहावे लागते आहे. वहिनींनी मला सर्व कळवले. ओसरीवरची हवा चांगली असते हे मलाही आठवते, तिथेच मी वाचायला शिकले. पण माणूस आपण होऊन तिथे बसणे वेगळे आणि त्याला बसवणे वेगळे. स्त्रियांच्या मनाच्या निचऱ्याबद्दल तुम्ही जे लिहिले ते परत घ्यावे.

यांचे म्हणणे असे. खेळाडू उसना दिला होता तो राहण्या-जेवणाच्या एकाच अटीवर, ती मोडली. त्याला अंतिम सामन्याआधी बोलावून घ्यावे असे क्लबात ठरत होते. मी थांबवले आहे. त्याला तुमच्या पंगतीत, तुमच्या शेजारी बसवून जेवू घाला. केले, तर तो अंतिम सामना खेळेल. न केले, तर तार येईल.

दादा, तुम्हांला अशी धमकी द्यावी लागेल असे वाटले नव्हते. त्याची आई काल विचारून गेली की सात घरचं खाऊन पोरगं अंगानं भरलं असन न. त्याने तिला कार्डावर तसे लिहिले आहे. मी हो म्हणाले.

तुमच्याच मायेवर वाढलेली,
वनमाला

•

आदिलाबाद,
शनिवार, १८ जानेवारी १९७५

॥ श्री ॥

चि. सौ. वनमाला हिस,

आशीर्वाद. वि. वि. प्रथम, तुझ्या वहिनीविषयी लिहिलेले वाक्य मी परत घेतो. पान ओसरीवर माझ्या शब्दाने गेले.

तुझे पत्र पोहोचताच मी जिनिंगच्या खोलीवर गेलो. दौलत बुटांच्या नाड्या ओवीत बसला होता. मी त्याला गुरुवारी जेवायला ये म्हणालो. तो उभा राहिला आणि अगदी अदबीने म्हणाला की साहेब, फायनल होऊ द्या, त्याच्यानंतरच्या गुरुवारी बोलवलं तर येतो. नागोराव कोपऱ्यातून माझ्याकडे पाहत होता. मी खरोखर कशासाठी गेलो होतो ते त्याला कळले होते, आणि तो म्हणाला तेव्हा मलाही कळले. तारेच्या भीतीने मी त्याला अन्न द्यायला गेलो होतो. मी शरदचंद्ररावांना तसे लिहिले, त्यांनी दौलतला विचारले आणि त्याच्याच इच्छेने त्याला राहू दिले, हे तुला ठाऊक आहे.

सामना आम्ही जिंकलो. दोन विरुद्ध एक. पहिला गोल दौलतच्या पासवर झाला. दुसरा त्याने शेवटी शेवटी, खाणीवाल्यांचे दोन आडदांड गडी अंगावर असताना, पडता पडता मारला. त्यानंतर मैदानाची जी अवस्था झाली तिचे वर्णन माझ्या लेखणीत नाही. त्याला खांद्यावर घेऊन मिरवणूक निघाली. पहिला खांदा उद्धवराव वकिलांचा होता. सुधाकररावांनी त्याच्या पायाची धूळ झटकली आणि त्याचे बूट छातीशी धरून ते चालले. ज्यांना त्याच्या उष्ट्या ताटाचा विटाळ होता त्यांना त्याच्या पायाचा घाम चालला. मारोतराव शिंपी माझ्या कानाशी लागून म्हणाला की साहेब, आज याच्या अंगाला हात लावाले नंबर लागून राह्यला. तो हसत होता. मी त्याच्यावर रागावलो, कारण दुसरे काही करता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सहा घरांतून आमंत्रणे गेली. पाहुणे गेले होते, व्रत फिटले होते. दौलतने प्रत्येकाला सांगितले की जेवण झाले आहे.

परवा गुरुवारी मी त्याला बोलावले आणि तो आला. कुमुदिनीने मधल्या खोलीत दोन पाट शेजारी शेजारी मांडले, गुळाच्या पोळ्या केल्या, खाली बसून वाढले, तूप स्वतःच्या हाताने सोडले. तिचा हात त्या दिवशी स्थिर होता. मी चित्राहुती घातली, पहिला घास उचलला, आणि वनमाला, माझा हात थांबला. तो तोंडापर्यंत गेला नाही. मनात त्या मुलाविषयी प्रेमाशिवाय काही नव्हते हे मी शपथेवर सांगतो. तरीही पन्नास वर्षांची सवय माझ्या मनगटात बसली होती, आणि तिला माझे मन विचारायचे नव्हते. फार वेळ नाही. कुमुदिनीच्या लक्षात आले नाही.

त्याच्या आले. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. फक्त भरभर जेवू लागला. ज्याला मोटार गाठायची आहे असा माणूस जेवतो तसा. तूप लावलेली दुसरी पोळी त्याने नको म्हटली, नागोराव वाट पाहून राह्यला असे सांगितले. नागोराव संक्रांतीला गावी गेला आहे, हे आम्हां दोघांनाही माहीत होते. आपण लवकर उठलो म्हणजे या माणसाची सुटका होईल, एवढ्यासाठी तो अर्धपोटी उठला. ताट घेऊन विहिरीकडे निघाला तेव्हा कुमुदिनीने ते त्याच्या हातून काढून घेतले. मी पाटावरच होतो. तो गेल्यावर मी माझे पूर्ण पान जेवलो. अन्न टाकू नये म्हणून.

आता मंडळाचा निरोप. काल बैठक झाली. दौलतला आणखी एक वर्ष उसना मागावा, असे एकमताने ठरले आणि तसे पत्र मी शरदचंद्ररावांना लिहावे, असे माझ्यावर सोपवले. वार पुन्हा लावण्यास सातही घरे तयार आहेत. उद्धवराव तर दोन वार मागतात.

ते पत्र मी लिहिणार नाही. त्याऐवजी हे लिहितो आहे. शरदचंद्ररावांना माझ्यातर्फे सांग, की मंडळाने कितीही मागितला तरी त्याला आमच्याकडे पाठवू नये. खेळाडू उत्तम आहे, त्यात शंका नाही. आमच्याकडे त्याला ठेवण्याजोगे घर नाही, आणि त्यात माझे घर पहिले धरावे. मी सचिवपदाचा राजीनामा दिला आहे. मंडळाला त्याचे कारण अजून समजलेले नाही. विचारतील त्यांना सांगेन.

दौलत उद्या सकाळच्या मोटारीने निघतो. त्याच्या आईने विचारले, तर तो जेवला असे सांगू नको. हेमचंद्राच्या घरी तो उपाशी उठला, असे सांग. तो स्वतः कधी सांगणार नाही.

लोभ असावा असे लिहायची रीत आहे. या वेळी ती मोडतो. तुला जमेल तेव्हा दोन ओळी लिहाव्यास, एवढीच विनंती.

तुझा,
हेमचंद्र