उजवीकडे वळणारा तांडेल

प्रिय बाबा,

तू गेल्यापासून मनातल्या मनात भांडतेय तुझ्याशी. आज लिहूनच भांडते. आत्ताच तुझ्या नावानं लढून उठलेय.

गुडघा गेला, बोटीवर जाणं सुटलं आणि जन्मभर बोट हाकणारा रेवदंड्याचा पट्टीचा तांडेल माझ्या कॉम्प्युटरवर लढाऊ विमानं उडवायला लागला. ऑनलाइन टीममध्ये नावही घेतलंस ‘तांडेल’. सगळं पटापट शिकलास, एक सोडून. शत्रू गोळ्या झाडत समोरून आला की तू उजवीकडे वळायचास. खाडीत समोरासमोर आलं की दोन्ही होड्यांनी आपापल्या उजवीकडे व्हायचं, हे तुझ्या हाडात मुरलेलं.

“बाबा, तो नाही वळणार. तो तुला पाडायला आलाय!” मी कपाळ बडवून घ्यायचे.

“वलंल गो बाय. मानूसच हाय ना तो?”

इतका कसा रे भाबडा तू? आणि होडीत तुझ्याच शेजारी बसून वाढलेली मी, माझाही हात तिकडेच जातो.

टीमनं अट घातली होती. आज मी जिंकले तर ‘तांडेल’ हे नाव आणि तुझी जागा मला, नाहीतर नवा माणूस घेणार. तुझं नाव पुसणार म्हटल्यावर मी कॉम्प्युटरसमोर बसलेच. त्यात समोर कोण, तर तुला दर वेळी पाडणारा तो नागपूरचा.

पडद्यावरच्या ठिपक्याचं विमान होत तो सरळ अंगावर आला. पळाले तर पाठीत गोळ्या, तशीच गेले तर टक्कर. मनगट उजवीकडे ओढ घेत होतं. त्याच्या विमानाचं नाकही माझ्या उजव्या अंगालाच सरकलं, आपली खोड त्याला पाठ होती. मी दात आवळले आणि विमान डावीकडे खाली लोटलं. त्याच्या गोळ्या रिकाम्या आकाशात गेल्या. तो डोक्यावरून पुढे निघाला, मी वळून मागे लागले आणि पाडला त्याला.

टीमवाले नाचत होते. मला मात्र तुला फसवल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात त्याचा मेसेज आला. “तांडेलकाका, आज उजवीकडे नाही वळलात? तब्येत बरी आहे ना?”

मी लिहिलं, काका गेले, मी त्यांची मुलगी. आणि बाबा, तू गेलास त्या दिवशी आलं नव्हतं ते रडू आज आलं.

तुझं नाव राखलं. ते टिकवायचं तर तुझ्यासारखं उडून चालणार नाही, रागावू नकोस. समोरून येईल त्याला मी आधी पाडीन. पण मग त्याची विचारपूस करीन, हा माझा शब्द.

तुझी,
बाय