राहिलेलं पुढच्या बाजाराला

बाई, तुमची खुर्ची अजून तीच आहे, डाव्या हाताचा वेत सुटलेली. आता तिच्यावर मी बसते आणि माझ्या साडीचा धागा तिच्यात अडकतो. भोरच्या या वाचनालयात तुमच्या हाताखाली आले तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं, दोन वर्षं काढायची आणि पुणं गाठायचं. वेल्ह्याकडच्या मुलीला भोर म्हणजे वाटेतला थांबा. तुम्हाला जाऊन दहाबारा वर्षं झाली आणि मी त्याच थांब्यावर बसून आहे. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. खरं तर तक्रार म्हणूनच सांगते, तुमच्यापाशी कसलं आलंय सोंग.

बाजाराच्या दिवशीची दुपार आठवते. भाजी विकून झालेली, एसटीला वेळ, आणि बायांना टेकायला जागा नाही म्हणून तुम्ही वाचनालयाचं मागचं दालन उघडलंत. पहिल्या दिवशी कुणी पुस्तकाला हात लावला नाही. मग तुम्ही घरचा टीव्ही आणलात आणि सिनेमा लावलात. भोंगवलीच्या, किकवीच्या, शिवऱ्याच्या बाया सतरंजीवर बसतात, रिकाम्या पाट्या दाराशी उपड्या घालतात, आणि सिनेमा ऐन रंगात येतो तेव्हा एसटीची वेळ होते. तुम्ही उठता, बटण दाबता आणि म्हणता, "राहिलेलं पुढच्या बाजाराला." एक सिनेमा दोन बाजार पुरायचा, लांबलचक असला तर तीन. मधल्या आठवड्यात शेताच्या बांधावर, नळावर त्याच्यावर भांडणं व्हायची. नायकाला कुणी शिव्या घालायचं, कुणी त्याची बाजू घ्यायचं. एकदा मी पुढचं घरी बघून आले आणि शहाणपणा करून शिवऱ्याच्या एका बाईला शेवट सांगून टाकला. तुम्ही मला सगळ्यांदेखत झापलंत. "आठवडाभर जपलेलं तिचं होतं, तू कोण ते उघडणारी? बायांच्या आधी आपण बघायचं नाही." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण तेव्हापासून मी तो नियम मोडलेला नाही, आणि आज तोच माझ्या गळ्यात अडकलाय.

तुमचा शेवटचा सिनेमा तुम्हाला आठवत असेल. ती बाई नवऱ्याचं घर सोडून ट्रंक घेऊन स्टँडवर येते. एसटी लागते. ती पायरीवर एक पाय ठेवते आणि मागे वळून बघते. नेमकी तेव्हाच भोंगवलीची गाडी लागल्याची हाळी आली आणि तुम्ही बटण दाबलंत. बाया ओरडल्या. तुम्ही हसलात, नेहमीचं वाक्य म्हणालात आणि कपाटाची किल्ली माझ्या हातात दिलीत, "मला जरा दमल्यासारखं होतंय, आज कुलूप तू लाव." पुढच्या बाजाराला बाया आल्या तेव्हा आम्ही तुम्हाला पोचवून आलो होतो. त्या दिवशी टीव्ही लावायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

नंतर नवी समिती आली. कार्यवाहांनी त्या सिनेमाची सीडी उलटीपालटी करून बघितली. तिच्यावर छापलेलं आहे, फक्त घरगुती वापरासाठी. ते म्हणाले, "असं चार लोकांत दाखवता येत नाही. उद्या कुणी तक्रार केली तर अनुदान जाईल. रीतसर परवाना घ्या, नाहीतर बंद. आणि परवान्याशिवाय लावलंत तर जबाबदारी तुमची, नोकरीही तुमची." माणूस वाईट नाही, बाई. कायद्याने त्यांचंच बरोबर. मी सीडी कपाटात ठेवली. दालन उघडं राहिलं, बाया येतात, टेकतात, मोबाईल बघतात, प्रत्येक जण आपापला. फक्त भोंगवलीच्या आक्का, त्याच, पुढच्या रांगेत पाय पसरून बसणाऱ्या, दर बाजाराला दारातून विचारतात, "पोरी, ती चढली का गं गाडीत?" आता त्यांना दिसतं कमी, गुडघे गेलेत. एकदा मी म्हटलं, आक्का, माझ्या घरी चला, घरी लावायला कुणाची ना नाही, चहा पिऊ आणि राहिलेलं बघू. त्या म्हणाल्या, "एकटीनं बगून काय करू? भांडू कुणासंगं?"

म्हणून यंदा मी हट्टाला पेटले आणि त्या सिनेमाचे हक्क असलेल्या मुंबईच्या कंपनीला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. तिकीट नाही हे सांगितलं, तरी ते सार्वजनिकच. मग तिने सभासद किती ते विचारलं, कारण दर त्याच्यावर ठरतो. तुम्ही बाजाराला येणाऱ्या प्रत्येक बाईला फुकट सभासद करून घेतलंत, त्यामुळे आपण कागदावर एखाद्या मोठ्या कॉलेजाएवढे दिसतो. मी म्हटलं, आम्हाला फक्त शेवटचा भाग हवा आहे. ती म्हणाली, "मॅडम, अर्ध्या पिक्चरचा रेट नसतो आमच्याकडे." बरं, पूर्ण घेतो, पण अर्धा या आठवड्यात आणि अर्धा पुढच्या. "मग ती दोन स्क्रीनिंग झाली, मॅडम. दोन लायसन्स." अहो, सिनेमा तर एकच आहे ना! "हो, पण दिवस दोन आहेत ना." पुस्तक आपण एकदा विकत घेतो, मग शंभर बाया ते अर्धं वाचोत, उलटं वाचोत, कुणी विचारत नाही. सिनेमाला मात्र एसटीचं वेळापत्रक चालत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. रडकुंडीला येऊन मी समितीपुढे बसले, आणि वर्षाच्या किरकोळ खर्चातून एका दिवसाचा परवाना मंजूर झाला. त्या दिवशी सकाळी लिंक येणार, रात्री ती बंद होणार. पुन्हा मागायची सोय नाही.

आदल्या बाजाराला मी आक्कांना बाजूला घेऊन म्हटलं, सगळा सिनेमा एका दुपारी एसटीच्या आत बसत नाही. मधूनच लावला तर तुम्हाला शेवट मिळेल, पण तुमच्या वेळच्या बाया आता तुम्ही धरून मोजक्या, बाकीच्यांना काही कळायचं नाही. पहिल्यापासून लावला तर... एवढा एकच दिवस आहे हे मला सांगायचं होतं, जीभ उचलली नाही. आक्का म्हणाल्या, "पयल्यापासनं लाव. नव्या बायांनी काय पाप केलंय?"

लावला. दालन भरलं, दारात पाट्यांचा ढीग झाला. मी पडद्याकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त बघत होते. मधेच किकवीची एक नवी सून मोठ्यांदा म्हणाली, "ह्या सासूला दोन द्या कुणीतरी," आणि तिची सासू शेजारीच बसलेली. काय हशा पिकला! मला तुम्ही इतक्या आठवलात की मी उठून मागे पुस्तकांच्या रांगेत जाऊन उभी राहिले. मग ती बाई ट्रंक घेऊन स्टँडवर आली. पायरीवर पाय. मागे वळून बघणं. आणि बाहेर कुणीतरी हाळी दिली, भोंगवलीची लागली. मी म्हटलं, "आक्का, बसा. थोडंच राहिलंय. तुमची सोय मी करते." "आन गाडी चुकली तर ह्या सगळ्या कुठं जातील? बंद कर, पोरी." त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या, दारात वळल्या आणि थेट तुमच्या आवाजात म्हणाल्या, "राहिलेलं पुडच्या बाजाराला, बायांनू!" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. ती नवी सूनही. "व्हय ना गं?" आक्कांनी विचारलं.

मी व्हय म्हणाले.

त्या गेल्यावर लिंक चालू होती. पुढचं मला एकटीला बघता आलं असतं. मी टीव्ही बंद केला. हे कागद मी तुमच्या टेबलाच्या खणात ठेवून देणार आहे, दुसरीकडे कुठं टाकू? कार्यवाहांना काही बोलले नाही, घरीही नाही. बाई, आज दुपारी दालन रिकामं असताना मी कपाट उघडलं आणि ती सीडी पदराने पुसून ठेवली. उद्या बाजार आहे.